‘आसू’ मराठीत चालत नाही का? पोरीच्या वहीत लाल रेघ आलीय

रातपाळी (पलूस तालुका)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं वाचून गप बसणाऱ्यातला. पण दोन दिवस एक शब्द डोक्यात भुणभुण करतोय, म्हणून लिहितो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझी पोरगी सातवीत आहे. शाळेत निबंध दिला होता, ‘मी पाहिलेला प्रसंग’. वर्गातल्या बाकीच्यांनी महापूर लिहिला, कुणी वरात लिहिली. हिनं आमची चंद्री विकली तो दिवस लिहिला. चंद्री म्हणजे म्हैस. भाकड होऊन वर्ष उलटलं होतं. दोनदा भरवली, दोन्ही वेळा उलटली. शेवटी व्यापाऱ्याला बोलावलं. तो टेम्पो घेऊन दारात आला, फळी लावली, पण चंद्री फळीवर पाय ठेवायला तयार नाही. दोघं पुढनं ओढतायत, एक मागनं शेपूट पिळतोय. शेवटी आई पुढं झाली, तिनं नुसता कपाळावर हात ठेवला आणि म्हैस गपगुमान वर चढली. मग आईनं दावं सोडून घेतलं, कारण दावं विकत नसतात.

हे सगळं पोरीनं दीड पानात लिहिलंय, आणि शेवटी दोन वाक्यं:

“आजीच्या डोळ्यात एक आसू आलं. दुसरं आलं नाही.”

बाईंनी ‘आसू’वर लाल रेघ मारून वर ‘अश्रू’ केलंय. मग ‘आलं’चं ‘आला’, ‘दुसरं’चं ‘दुसरा’. समासात लिहिलंय, ‘हिंदी शब्द टाळा’. अर्धा मार्क गेला. मार्काचं काही नाही हो, पण पोरगी हिरमुसली. मला म्हणाली, “पप्पा, आज्जी हिंदी कुठं बोलती?”

खरंच आहे. माझ्या आईला हिंदी येतच नाही. भंगारवाला आला तरी त्याच्याशी मराठीतच भांडते. आणि तिच्या तोंडात हा शब्द कायम. “त्या बाईच्या डोळ्याला आसू न्हाई,” असं कुणाबद्दल म्हणाली की समजायचं, ती बाई काळजाची घट्ट. ‘अश्रू’ हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही.

आता दुसरी गंमत. मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ऑपरेटर आहे. आम्ही सगळे ‘डिस्टिलरी’च म्हणतो, पण गेटवरच्या बोर्डावर ‘आसवनी विभाग’ असं लिहिलंय. मी कामाला लागलो तेव्हा आई पेढे घेऊन आली होती. प्रौढशिक्षणाच्या वर्गात अक्षरं शिकलेली बाई. बोर्डाखाली उभी राहून एकेक अक्षर लावत वाचलं, आ-स-व-नी. आणि मला विचारते, “आसवं करत्यात व्हय रं हितं?”

गेटवरचा वॉचमन इतका हसला की त्याची टोपी पडली. मीही हसलो. पण आज इतक्या वर्षांनी वाटतंय, प्रश्न काय वावगा नव्हता. औषधाच्या दुकानात ‘द्राक्षासव’ मिळतं, आमचा ‘आसवनी’ विभाग, आणि डोळ्यातली ‘आसवं’. हे तिघं एकाच गावचे की नुसते आडनावबंधू?

जाणकारांनी सांगावं. ‘आसू’ खरंच हिंदी असेल तर तसंही सांगा, पोरीला समजावतो.

खडू_सांगली

रातपाळी दादा, एकतीस वर्षं फळ्यासमोर काढली, हजारो निबंध तपासले. ‘दुसरं आलं नाही’ असं वाक्य एकाही वहीत मिळालं नाही. मुलीला माझा आशीर्वाद सांगा, आणि तो अर्धा मार्क मी माझ्या खिशातून देतो.

निकाल आधी सांगतो: ‘आसू’ अस्सल मराठी आहे. हिंदीतला ‘आँसू’ त्याचा भाऊ आहे, बाप नव्हे.

मूळ शब्द संस्कृत ‘अश्रु’. लोकांच्या तोंडी ‘श्र’ फार काळ टिकला नाही. पालीत त्याचं ‘अस्सु’ झालं, आणि आपल्या महाराष्ट्री प्राकृतात ‘अंसु’. म्हणजे जोडाक्षर मोडलं आणि त्याच्या जागी नाकात उच्चार आला. हा काही एकट्या अश्रूचा लाड नाही. हेमचंद्र नावाचा मोठा व्याकरणकार बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेला. त्यानं प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात एकाच सूत्राखाली असे शब्द ओळीनं बसवलेत. ‘वक्र’चं ‘वंक’, ‘अश्रु’चं ‘अंसु’, त्याच रांगेत ‘वृश्चिक’ आणि ‘मार्जार’. या शेवटच्या दोघांचं आपल्याकडे काय झालं? विंचू आणि मांजर! दोन्हीत तो नाकातला सूर आजही ऐका. हिंदीवाल्याचा ‘बिच्छू’ बघा, त्यात तो नाही. तेव्हा विंचू मराठी, मांजर मराठी आणि त्यांच्याच पंगतीला बसलेलं आसू तेवढं हिंदी, हे कसं?

तुम्ही म्हणाल, विंचवावर टिंब आहे, आसूवर कुठाय? होतं. जुन्या छापाची पुस्तकं काढून बघा, ‘आंसूं’ असं टिंबं देऊन छापलेलं सापडेल, ‘वांकडा’सुद्धा सापडेल. पुढं बोलताना तो सूर गेला आणि १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारली जाणारी टिंबं काढून टाकली. टिंब गेलं आणि शब्द उघडा पडला.

आता माझ्या आवडीचा भाग, लिंग. संस्कृतात अश्रु नपुंसकलिंगी. हिंदीत नपुंसकलिंगच उरलं नाही, म्हणून तिकडे आँसू पुल्लिंगी. आपण नपुंसकलिंग जपलं, म्हणून ‘ते आसू’. तुमची मुलगी ‘एक आसू आलं’ लिहून गेली, म्हणजे कुणी न शिकवता दोन हजार वर्षांपूर्वीचं लिंग तिनं बरोबर धरलं. आजीकडून आलं ते. हिंदीतून उचललं असतं तर ‘आसू आला’ म्हणाली असती.

‘अश्रू’ची गोष्ट वेगळी. तो आपल्याकडे बोलण्यातून झिजत आला नाही, पंडितांनी संस्कृतातून तसाच उचलून आणला. आणि गंमत म्हणजे मराठीत येताना पुल्लिंगी झाला. ‘अश्रू ओघळला’, ‘अश्रू आवरले नाहीत’. एकच शब्द दोन दारांनी घरात आला, एक परसदारानं, एक पुढल्या दारानं. बाईंनी शब्द बदलला म्हणून त्यांना ‘आलं’चं ‘आला’ करावं लागलं. त्यांचं व्याकरण बरोबरच आहे. फक्त समासातलं वाक्य चूक.

आणि शेवटचा पुरावा अनेकवचनाचा. गळू–गळवं, तसं आसू–आसवं. ही आपली जुनी घरची चाल आहे. आसूचं आसवं होतं, आसवांनी पदर भिजतो. हिंदीत एक असला तरी आँसू, दहा असले तरी आँसू.

जाता जाता, इंग्रजीतला ‘टिअर’ आणि तुमच्या आईचं ‘आसू’ लांबचे नातेवाईक आहेत. ग्रीक ‘दाक्रु’, लॅटिन ‘लाक्रिमा’ (त्याचं जुनं रूप ‘दाक्रुमा’), सगळे एकाच घराण्यातले. त्यांच्या तोंडाशी ‘द’ होता, आपल्या अश्रूला तो नाही. लिथुआनियात ‘अशरा’ म्हणतात, त्यांनाही नाही. हा ‘द’ कुठं सांडला यावर भाषाशास्त्रज्ञ अजून भांडतायत. त्यांना भांडू दे.

आसवनीचं वैद्यमंडळींनी सांगावं. एवढं सांगतो की तो धातू वेगळा.

मी_पुणेकर_नाही

सर, सगळं मान्य. पण व्यवहार बघा. उद्या दहावीचा पेपर तपासणारा कोण असेल काय माहीत. पोरीला सांगा ‘अश्रू’च लिही. पूर्ण मार्क, डोक्याला ताप नाही.

खडू_सांगली

असं करत करतच आपण ‘पडसं’ घालवलं आणि ‘सर्दी’ आणली, ‘सांज’ घालवली आणि ‘संध्याकाळ’ ठेवली. मुलगी अजून सातवीत आहे. तीन वर्षं आजीचं लिहू द्या.

बेदाणावाला (तासगाव)

मला व्याकरणातलं घंटा कळत नाही, पण डोळे आणि पाणी या विषयावर द्राक्षवाल्याला बोलायचा हक्क आहे.

आमच्याकडं काडीवरच्या फुटव्याच्या जागेला डोळाच म्हणतात. ऊसवाले पण म्हणतात, एक डोळा, दोन डोळा बेणं. तर ऑक्टोबरात छाटणी केली की कापलेल्या काडीच्या तोंडातनं पाणी गळतं. टप टप टप. सकाळी उन्हाआधी बागेत गेलं तर सगळ्या बागेतनं आवाज येतो, आणि खाली माती ठिपक्याठिपक्यानं ओली. कारण साधं आहे. खाली मुळी पाणी वर ढकलत राहती, आणि वर पान एक नाही ते पाणी उडवून लावायला. मग ते कापलेल्या तोंडातनं बाहेर. छाटणीच्या आधी भरपूर पाणी दिलेलं असलं तर जास्तच. पुढं पानं आली की आपोआप थांबतं.

आता त्यात अडचण अशी की छाटणी झाली की लगेच डोळ्यांना पेस्टिंग करायचं असतं, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. बायका हातमोजे घालून बोळ्यानं एकेक डोळा माखत जातात. आणि वरनं काडी गळत असली की पाण्याबरोबर पेस्ट खाली. माझी चुलती या कामाला पंचवीस वर्षं आहे. गळणारी काडी दिसली की म्हणती, “हिचं रडून हुं दे आधी, मग लावू.” आणि पुढल्या ओळीला जाती. परत येऊन लावती. माझा बाप घाई करायचा, मजुरी अंगावर पडती म्हणून. तर ती म्हणायची, “रडणाऱ्याचं डोळं पुसून काजळ राहतंय व्हय?”

हे शब्दाच्या इतिहासात बसतंय का बघा. नसलं बसत तर सोडून द्या.

रातपाळी

बसतंय की दादा. आमच्याकडं तर आख्खा ‘गाळप हंगाम’ असतो. ऊस गाळायचा, घाम गाळायचा आणि टिपं पण गाळायचीच. तीन कामांना क्रियापद एकच, हे तुमचं वाचताना पहिल्यांदा डोक्यात आलं.

वैद्य_कराड

थोडा उशीर झाला, दवाखान्यात गर्दी होती. आसवनीचा प्रश्न माझ्या वाट्याला आलाय असं दिसतं.

रातपाळी भाऊ, द्राक्षासव आणि तुमची आसवनी एकाच गावची. डोळ्यातली आसवं मात्र वेगळ्या गावची. ‘सु’ म्हणजे पिळणं, रस काढणं. यज्ञात सोमवल्ली पिळायचे त्याला ‘सवन’ म्हणत, तोच धातू. त्याला मागं ‘आ’ लागून ‘आसव’. आयुर्वेदात आसव म्हणजे आंबवून केलेलं औषध. त्याचाच भाऊ अरिष्ट. दोघांतला फरक शार्ङ्गधर या जुन्या वैद्यक-ग्रंथकारानं अगदी सोपा करून ठेवलाय: औषध कच्चंच पाण्यात घालून मुरवलं तर आसव, आधी उकळून काढा केला आणि तो मुरवला तर अरिष्ट. गूळ किंवा मध घालायचा, धायटीची फुलं टाकायची, तोंड बंद करून ठेवून द्यायचं. ती धायटीची फुलं आंबवण्याचं काम करतात. आपल्या सह्याद्रीच्या उतारावर उन्हाळ्याच्या तोंडाला धायटी लालभडक फुललेली असते, कासला जाताना बघितली असेल. चरकानं तर चौऱ्याऐंशी प्रकारची आसवं मोजलीत, धान्याची, फळांची, मुळांची, फुलांची, सालींची, अगदी साखरेचीसुद्धा. म्हणजे तुमचा विभाग चरकाच्या यादीत बसतो म्हणायला हरकत नाही.

फक्त एक. जुनं आसव आंबवलेलं असायचं, त्याचं ऊर्ध्वपातन (म्हणजे वाफ करून ती परत थंड करणं) करत नसत. डिस्टिलरीला ‘आसवनी’ हे नाव अलीकडं शासकीय परिभाषेनं दिलं.

पण तुमच्या आईंच्या प्रश्नाला मी ‘नाही’ म्हणून सोडून देणार नाही. चरकसंहितेत एक अख्खा अध्याय आहे, कोणते वेग अडवू नयेत यावर. तेरा वेग आहेत. लघवी, शौच, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप वगैरे. त्यात रडूही आहे. रडू अडवलं तर काय होतं तेही दिलंय: पडसं, डोळ्यांचे विकार, छातीचे विकार, तोंडाची चव जाणं, चक्कर. आणि उपाय तीन. झोप, मद्य आणि आवडत्या गोष्टी ऐकणं. हो, मद्य! तेव्हा ज्याचं रडू अडलंय त्याच्यासाठीचा माल तुमच्या विभागात तयार होतो, असं ग्रंथाधारे म्हणता येईल. (कृपया कुणी हे प्रिस्क्रिप्शन समजू नये. झोप आणि गोष्टी पुरतात.)

आणि तिथं रडण्यासाठी जो शब्द वापरलाय तो ‘अश्रु’ नाही, ‘बाष्प’ आहे. ‘न बाष्पस्य’, म्हणजे बाष्प अडवू नये. आम्हाला कॉलेजात हे पाठ करताना कुणीच सांगितलं नाही की वाफ आणि रडू एकाच शब्दात का. सर सांगतील का?

खडू_सांगली

वैद्यताई, तुम्ही माझी झोप घालवलीत. रात्री साडेअकराला कपाट उघडून बसलो, घरातनं शिव्या खाल्ल्या.

संस्कृतात बाष्प म्हणजे वाफही आणि डोळ्यातलं पाणीही. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते तेव्हा कण्वाचा गळा दाटतो, तो कशानं? अडवून धरलेल्या बाष्पानं. गाल भिजायच्या आधीचं रडू आहे ते, घशात कोंडलेलं. त्याला वाफच म्हणायला पाहिजे.

आता पुढचं बघा. प्राकृतात या एका शब्दाची वाटणी झाली. भाऊ वेगळे निघावेत तशी. वररुची नावाच्या जुन्या व्याकरणकाराच्या ‘प्राकृतप्रकाश’ ग्रंथात त्याचं सूत्रच आहे: ‘बाष्पे अश्रुणि हः’. बाष्प शब्दाचा अर्थ अश्रू असेल तर त्याचं ‘बाह’ करायचं. अर्थ वाफ असेल तर ‘बप्फ’. उच्चार अर्थावरून ठरवायचा, असा नियम व्याकरणात क्वचित सापडतो. हेमचंद्रानंही तेच सांगितलंय. आपल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथा आहेत ना, सातवाहन राजा हाल याच्या नावावरच्या, त्यात रडणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत हाच ‘बाह’ असतो.

वाटणी झाल्यावर दोघांचं काय झालं? ‘बप्फ’ आपल्याकडं राहिला, त्याचीच ‘वाफ’. भाताच्या झाकणाखालची, चहाच्या कपावरची. ‘बाह’ मात्र निर्वंश झाला, मराठीत त्याचा मागमूस नाही. त्याची जागा आसूनं घेतली.

पण ती उकळीची कल्पना काही गेली नाही बघा. आपण ‘रडण्याचा कढ आला’ म्हणतो. कढ! दुधाला येतो तोच. ‘कढ गिळला’ म्हणतो. ‘मायेचा उमाळा’ म्हणतो, विहिरीत खालून पाणी उसळतं तो उमाळा. ‘ऊर भरून आला’, ‘गहिवर दाटला’. सगळी भाषा आत काहीतरी तापतंय, चढतंय अशीच. ते डोळ्यातनं बाहेर पडलं की मग ते थंड होतं, त्याचा थेंब होतो आणि त्याला आसू म्हणायचं. ही शेवटची ओळ व्याकरणातली नाही, माझी आहे.

माणदेशी

तुम्ही नदीकाठचे लोक, पाण्याला शब्दच शब्द. आमच्या आटपाडीकडं एकच, ‘टिपूस’. ‘आभाळातनं टिपूस न्हाई’ आणि ‘डोळ्यातनं टिपूस न्हाई’. पाऊस आणि रडणं एकाच मापानं मोजायचं. माझा आजा गेला तेव्हा आजी रडलीच नाही. बायका कुजबुजायला लागल्या, तेराव्यापर्यंत टिपूस नाही म्हणून. मग पंधरा दिवसांनी वळीव आला, पत्र्यावर वाजायला लागला, आणि आजी उंबऱ्यात बसून मोठ्यानं रडली. गळा काढून. बायका म्हणाल्या, पडला एकदाचा. कोण काय पडला म्हणतंय, पाऊस की काय, ते कुणी विचारलं नाही.

मला त्या वेळी नऊ वर्षं. पण ‘पडला’ एवढं लक्षात राहिलंय.

कृष्णाकाठ

भिलवडीचा माणूस म्हणून ‘नक्राश्रू’चा विषय कुणी काढला नाही याचं वाईट वाटलं. आमच्याकडं उन्हाला नदीकाठच्या मळीवर पडलेल्या मगरी रोज दिसतात, एकीच्या पण डोळ्यात काय दिसलं नाही. बघायला जवळ जाणार कोण हा भाग वेगळा.

खडू_सांगली

ती मगर परदेशी. माणूस खाताना मगर रडते ही युरोपातली जुनी समजूत, इंग्रजी पुस्तकांबरोबर आपल्याकडं आली आणि तिला संस्कृत कपडे चढवले. कृष्णेच्या मगरीचा त्यात दोष नाही. आता ‘हिंदी शब्द टाळा’ म्हणणाऱ्या बाई ‘नक्राश्रू’ला मात्र आलंकारिक भाषा म्हणून शाबासकी देतील, पैज लावतो.

रातपाळी

सर, वैद्यताई, सगळ्यांना दंडवत. काल रात्रपाळीला हा सगळा धागा मोबाइलवर वाचत होतो आणि समोर काम काय चाललेलं ते सांगतो.

आमच्याकडं मळी येते, म्हणजे साखर काढून उरलेला पाक, ती पातळ करून आंबवायची. मग ती कॉलममध्ये वरून सोडायची आणि खालून वाफ द्यायची. मद्यार्काची वाफ वर चढते, माथ्यावरच्या कंडेन्सरमध्ये थंड होते आणि परत पाण्यासारखी होऊन खाली येते. तिथं नळीला एक काचेचा झरोका असतो, साइट ग्लास म्हणतात. त्यातून धार बघायची, हे माझं काम. सुरुवातीला कॉलम तापेपर्यंत धार नसते. काच आतून धुरकट होते, मग तिच्यावर एक थेंब धरतो. थोडा वेळ तिथंच थांबतो. मग घसरतो. नंतर दुसरा. नवीन पोरांना मी सांगतो, पहिला थेंब दिसला म्हणून लगेच व्हॉल्व्हला हात घालायचा नाही, तो फसवतो.

सतरा वर्षं हे बघतोय. काल दोन वाजता तो पहिला थेंब काचेवर धरला तेव्हा मला सरांचं ‘बाष्प’ आठवलं आणि आईचा तो बोर्डाखालचा प्रश्न. शेजारी हेल्पर होता, त्याला सांगायला गेलो, तर तो म्हणाला, “साहेब, चहा आणू का?”

आता निकाल. मी शाळेत भांडायला गेलो नाही. सरांचं उत्तर वहीच्या कागदावर स्वच्छ अक्षरात उतरवून काढलं, विंचू-मांजरासकट, आणि पोरीजवळ दिलं. बाईंनी ते मधल्या सुट्टीत वाचलं. चांगल्या आहेत हो बाई, मी उगीच मनात धरलं होतं. त्यांनी समासातलं ‘हिंदी शब्द टाळा’ खोडलं, ‘आलं’ परत ‘आलं’ केलं आणि वर्गात फळ्यावर आसू–आसवं, गळू–गळवं लिहिलं. पोरांनी गळवंवर जास्त दंगा केला म्हणे. अर्धा मार्क दिला का ते पोरगी सांगत नाही, म्हणजे दिला नसणार.

संध्याकाळी पोरीनं आजीला सगळा निबंध मोठ्यानं वाचून दाखवला. आई गवारी मोडत बसली होती. शब्द मराठी की हिंदी, बाष्प की आसू, यातलं तिला काही पडलेलं नव्हतं. शेवटचं वाक्य आलं, “दुसरं आलं नाही,” तशी शेंग मोडता मोडता थांबली.

“कोण म्हनतंय आलं न्हाई?” म्हणाली. “टेम्पो वढ्याच्या पलीकडं गेला, आन चंद्री हंबारली, तवा आलं की. तू घरात पळाली हुतीस.”

पोरगी आता म्हणते, निबंध परत लिहायचा.